बाळंतपणानंतरचा रक्तदाब : नगर जिल्ह्यातील मातृसेवेचा एक अपुरा अध्याय

अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात गेल्या सव्वाशे वर्षांत बाळंतपणाच्या सेवेची जी वाटचाल झाली, तिच्यात एक दिशा स्पष्ट दिसते. सुईणीची सेवा वेणा सुरू झाल्यावर सुरू होई. मिशनच्या रुग्णालयांनी ती अडलेल्या बाळंतिणीपर्यंत पोहोचवली. आणि जामखेडच्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पाने ती गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांपर्यंत मागे नेली. सेवेचा आरंभ असा दर पिढीला आधी सरकत गेला, पण तिचा शेवट मात्र फारसा हलला नाही. सव्वा महिना सरला, बाळंतीण न्हाऊन-माखून सासरी परतली आणि बाळाच्या लशी सुरू झाल्या, की तिच्या स्वतःच्या प्रकृतीची चौकशी थांबते. ज्या स्त्रीचा रक्तदाब गरोदरपणी वाढलेला असतो, तिच्या दृष्टीने मात्र खरा प्रश्न याच टप्प्यावर सुरू होतो, आणि म्हणून या जिल्ह्यातील मातृसेवेचा इतिहास तिच्या बाजूने पुन्हा पाहणे आवश्यक आहे.

गरोदरपणाचे वीस आठवडे उलटल्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक झाला, तर त्यास गर्भावस्थेतील उच्च रक्तदाब म्हणतात. त्याच्या जोडीला लघवीतून प्रथिने जाऊ लागली, किंवा यकृत, मूत्रपिंड, मेंदू अथवा रक्त यांवर परिणाम दिसू लागला, तर त्या अवस्थेला प्रीएक्लॅम्पसिया हे नाव आहे, आणि पुढे झटके येऊन शुद्ध हरपली, तर तो एक्लॅम्पसिया होय. या विकाराचे मूळ वारेत असते. वारेला रक्त पुरवणाऱ्या गर्भाशयातील धमन्या पुरेशा रुंदावल्या नाहीत, तर वारेला रक्त कमी पडते, तिच्यातून काही घटक मातेच्या रक्तात मिसळतात आणि शरीरभरच्या रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तराला इजा करतात. वार पडल्यानंतर बहुतेक स्त्रियांचा रक्तदाब काही आठवड्यांत, साधारणपणे तीन महिन्यांच्या आत, पूर्ववत होतो, आणि या उताराकडे पाहूनच रोग संपला असे दीर्घकाळ मानले गेले.

वैद्यकशास्त्रालाही हा विकार ओळखण्यास बराच काळ लागला. भारतीय वैद्यकपरंपरेत आक्षेपक, म्हणजे झटक्यांच्या व्याधींचे वर्णन आहे आणि गर्भिणीसाठी महिन्यागणिक आहारविहाराचे नियमही सांगितले आहेत. १८८६ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया येथे वैद्यकीय पदवी घेताना डॉ. आनंदीबाई जोशी यांनी आपल्या प्रबंधासाठी प्राचीन हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हाच विषय निवडला होता. युरोपात १८४३ मध्ये लंडनच्या गाय्‌ज रुग्णालयातील जॉन लीव्हर यांनी झटके आलेल्या गर्भवतींच्या लघवीत प्रथिने असल्याचे दाखवले. रक्तदाब मोजण्याचे सोयीचे साधन मात्र इटलीतील रिवा-रोची यांनी १८९६ मध्ये तयार केले, पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये वाकेझ आणि नोबेकूर यांनी एक्लॅम्पसियात रक्तदाब चढलेला असतो हे नोंदवले, आणि १९०५ मध्ये रशियातील कोरोत्कोव्ह यांनी दंडाच्या धमनीवर नळी ठेवून आवाजावरून दोन्ही आकडे वाचण्याची रीत दिली. म्हणजे ज्या मापावर आज गर्भवतीची प्रत्येक तपासणी आधारलेली आहे, ते माप विसाव्या शतकापूर्वी सुईणीच्या, वैद्याच्या किंवा सामान्य डॉक्टरच्या रोजच्या वापरात नव्हते.

नगर जिल्ह्यातील खेड्यांत त्या काळी बाळंतपण घरीच आणि शक्यतो माहेरी होई. सुईण नाळ कापी, बाळंतिणीला व बाळाला तेल लावून अंघोळ घाली, बाजेखाली शेगडी ठेवून शेक-शेगडी करी आणि पाचव्या दिवशी घरात सटवाईचे पूजन होई. बाळंतीण सव्वा महिना घराबाहेर पडत नसे. तिला डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, खोबरे, तूप, बाळंतशोपा आणि ओवा दिला जाई. या रिवाजाला त्या परिस्थितीत सबळ कारण होते, कारण जी स्त्री एरवी बाजरीची भाकरी, हुलग्याचे माडगे आणि ठेचा यांवर दिवसभर शेतात राबत असे, तिला वर्षभरात विश्रांतीचे आणि पोटभर पौष्टिक अन्नाचे जे काही दिवस लाभत ते बहुधा एवढेच असत. गरोदरपणात मात्र उलट रीत होती : जास्त खाल्ले तर मूल मोठे होऊन अडेल या भीतीने अनेक घरांत गर्भवती बेताने खाई. हातापायांची सूज ही दिवस भरत आल्याची खूण समजली जाई, आणि झटके आलेच तर त्यांचा संबंध बाहेरच्या बाधेशी जोडला जाई, कारण ज्या विकाराची आधी कोणतीही वेदना होत नाही आणि जो डोळ्यांना दिसत नाही, त्याचे कारण शोधण्याचे दुसरे साधन त्या समाजापाशी नव्हते.

आधुनिक वैद्यक या जिल्ह्यात प्रथम आले ते शिक्षणाच्या मागोमाग. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये अहमदनगरला ठाणे उभारले आणि मुलींच्या शाळा सुरू केल्या; सावित्रीबाई फुले यांचे अध्यापनाचे प्रशिक्षण याच शहरात सिंथिया फरार यांच्याकडे झाले. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी, १९०४ च्या सुमारास, याच मिशनच्या डॉ. रूथ ह्यूम यांनी शहरात स्त्रियांसाठी रुग्णालय सुरू केले, आणि १९३९ मध्ये ते साल्व्हेशन आर्मीकडे गेल्यानंतर इव्हँजेलिन बूथ रुग्णालय, नगरकरांच्या बोलण्यातले बूथ हॉस्पिटल, म्हणून ओळखले जाऊ लागले. जिल्ह्याच्या नेवासे भागात वडाळा येथेही मिशनचे रुग्णालय चालत होते. स्त्री-डॉक्टर उपलब्ध असल्याने ज्या घरांतील बायका पुरुष डॉक्टरसमोर जात नसत त्यांच्यासाठी ही दारे उघडली, हे या रुग्णालयांचे मोठे श्रेय. तरीही महाराष्ट्रातील क्षेत्रफळाने सर्वांत मोठ्या असलेल्या या जिल्ह्यात, सतरा हजार चौरस किलोमीटरच्या पसाऱ्यात, दूरच्या गावातील बाळंतीण बैलगाडीतून रुग्णालयापर्यंत पोहोचेतोवर बहुधा उशीर झालेला असे. रुग्णालय वाट पाहत होते आणि रोग गावात वाढत होता, ही त्या व्यवस्थेची मर्यादा होती.

ही मर्यादा ज्यांनी जवळून पाहिली ते दांपत्य म्हणजे डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे. दोघांचेही वैद्यकीय शिक्षण वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात झाले, आणि १९६० च्या दशकात वडाळ्याच्या रुग्णालयात काम करताना त्यांच्या ध्यानात आले, की बरे करून घरी पाठवलेले रुग्ण त्याच दुखण्यांनी पुन्हा परत येतात, कारण दुखण्याची कारणे पाणी, अन्न, जात आणि स्त्रीचे घरातील स्थान यांत दडलेली आहेत. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन ते परतले आणि १९७० मध्ये त्यांनी जामखेड येथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. अहिल्याबाई होळकरांचे जन्मगाव चौंडी ज्या तालुक्यात आहे तो हा जामखेड तालुका पर्जन्यछायेत येतो, आणि प्रकल्पाची पहिली वर्षे १९७२ च्या दुष्काळाशी झुंजण्यात गेली. प्रकल्पाच्या गावांत १९७१ च्या सुमारास हजार जिवंत जन्मांमागे १७६ बालके वर्ष पुरे होण्याआधी दगावत होती. १९९० च्या दशकापर्यंत हे प्रमाण पंचविशीच्या आसपास आले. या कामासाठी १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, आणि १९७८ मध्ये सोव्हिएत संघातील आल्मा-आटा येथे प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा निघण्यापूर्वीच जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ च्या आपल्या ग्रंथात जामखेडच्या अनुभवाला स्थान दिले होते.

जामखेडच्या प्रयोगाचा गाभा होता गावची आरोग्यसेविका. प्रशिक्षित परिचारिका एकटीने खेड्यात राहण्यास तयार होत नाहीत आणि बाहेरून आलेल्या तरुण मुलीचे गाव ऐकत नाही, असा अनुभव आल्यावर गावानेच आपल्यातील एक स्त्री निवडावी, असे ठरले. निवडल्या गेलेल्या अनेक जणी निरक्षर होत्या, दलित समाजातील होत्या, परित्यक्ता किंवा विधवा होत्या. त्या दर आठवड्याला जामखेडला येत, एकत्र जेवत, एकत्र झोपत आणि शिकलेले गावात जाऊन इतर बायांना शिकवत. त्यांचे काम औषधे वाटण्यापुरते नव्हते. कोणाला दिवस गेले आहेत, कोणाच्या चेहऱ्यावर सूज आहे, कोणाचे डोके सारखे दुखते किंवा डोळ्यांपुढे अंधारी येते, कोणाचे आधीचे बाळंतपण अवघड गेले होते, याची खबर त्यांना असे, आणि कालांतराने त्यांनी रक्तदाब मोजण्याचे कौशल्यही आत्मसात केले. वेदना नसलेला रोग ओळखण्यासाठी दोन गोष्टी लागतात : मोजण्याचे साधन, आणि दुखत नसतानाही दंड पुढे करावा इतका मोजणाऱ्यावरचा विश्वास. पहिली गोष्ट १८९६ मध्ये जगाला मिळाली होती. दुसरी या जिल्ह्यात जामखेडच्या बायकांनी निर्माण केली, आणि तिचे मोल पहिलीहून कमी नाही.

गर्भवतीचा जीव वाचवण्याचे शास्त्र याच काळात पुढे गेले. झटके टाळण्यासाठी मॅग्नेशियम सल्फेट देण्याची पद्धत जुनी असली, तरी तिच्याविषयीचा वाद खऱ्या अर्थाने २००२ मध्ये मिटला, जेव्हा ३३ देशांतील दहा हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाने या औषधामुळे एक्लॅम्पसियाचा धोका निम्म्याहून कमी होतो हे सिद्ध केले. बाळंतपणानंतरच्या आयुष्याविषयीची समज मात्र याहून सावकाश बदलली. अमेरिकेतील जर्सी सिटी येथे लिऑन चेस्ली यांनी १९३१ ते १९५१ या काळात एक्लॅम्पसिया झालेल्या २७० स्त्रियांचा अनेक दशके मागोवा घेतला, आणि पहिलटकरणीला झालेला हा विकार पुढच्या आयुष्यावर फारशी खूण ठेवत नाही, असा निष्कर्ष त्यातून काढला गेला. जगभरच्या डॉक्टरांनी तो दीर्घकाळ मानला. पुढे नॉर्वे आणि स्कॉटलंड येथील मोठ्या जन्मनोंदी मृत्यूच्या व आजारांच्या नोंदींशी ताडून पाहता आल्या आणि चित्र पालटले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात सुमारे ३५ लाख स्त्रियांची माहिती होती, त्यांपैकी जवळजवळ २ लाख स्त्रियांना प्रीएक्लॅम्पसिया होऊन गेला होता; त्यांच्यात सरासरी दहा ते चौदा वर्षांच्या काळात कायमच्या उच्च रक्तदाबाचे प्रमाण इतर स्त्रियांच्या ३.७ पट, हृदयविकाराचे सुमारे दुप्पट आणि पक्षाघाताचे १.८ पट आढळले. २०११ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने स्त्रियांच्या हृदयविकाराच्या धोक्यांमध्ये प्रीएक्लॅम्पसियाचा अधिकृत समावेश केला.

या धोक्यावर जीवनशैलीचा किती परिणाम होतो, याचे एक मोठे उत्तर २०१७ मध्ये अमेरिकेतील परिचारिकांच्या दीर्घकालीन अभ्यासातून मिळाले. बाळंतपण झालेल्या ५४ हजारांहून अधिक स्त्रियांच्या या पाहणीत, गरोदरपणी रक्तदाब वाढलेल्या स्त्रियांना पुढे कायमचा उच्च रक्तदाब जडण्याशी सर्वांत घट्ट संबंध वाढलेल्या वजनाचा दिसला. भाज्या, फळे, कडधान्ये, कमी स्निग्धांशाचे दूध आणि कमी मीठ असा आहार व नियमित शारीरिक हालचाल यांचाही लाभ दिसला, आणि तो गरोदरपणी रक्तदाब वाढलेल्या व न वाढलेल्या अशा दोन्ही स्त्रियांना होता. या निष्कर्षाचा अर्थ असा, की गरोदरपणातील रक्तदाब ही अटळ शिक्षा ठरत नाही. ती बऱ्याच आधी मिळालेली सूचना असते, आणि सूचना मिळाल्यापासून रोग जडेपर्यंत जी दहा-पंधरा वर्षे हाती असतात ती वाया घालवायची की वापरायची, हे त्या स्त्रीइतकेच तिच्या घरावर आणि तिच्या गावातील आरोग्यव्यवस्थेवर अवलंबून असते.

नगर जिल्ह्यातील स्त्रीची जीवनशैली मात्र एकसारखी नाही, आणि तिचे वेगळेपण पाण्याच्या इतिहासातून आले आहे. १९२६ मध्ये प्रवरेवरील भंडारदऱ्याचे धरण पूर्ण झाले, कालव्यांमागोमाग ऊस आला, आणि १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणी परिसरात सहकारी साखर कारखाना उभा राहिला. जिल्ह्याच्या उत्तर भागात पैसा आला, दळणवळण वाढले, बाजरीची जागा गव्हाने घेतली, चहात साखर वाढली, फरसाण आणि बेकरीचे पदार्थ घरोघरी पोहोचले आणि दुचाकी, नळ व पिठाची गिरणी यांनी अंगमेहनत कमी केली. दक्षिणेकडील जामखेड, पाथर्डी, शेवगाव या भागांत याच काळात दुष्काळाने दुसरे जीवन घडवले : ऊसतोडीच्या हंगामात नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक कोयता, मुकादमाकडून उचल घेऊन साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गाव सोडते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परतते. या बाईच्या अंगात मेहनतीची कमतरता नसते. कमतरता असते ती विश्रांतीची, झोपेची, ताज्या भाजीपाल्याची आणि सलग तपासणीची, कारण गरोदरपणाचे किंवा बाळंतपणानंतरचे महिने फडावर गेले, की गावातील आशाताईंच्या, म्हणजे शासनाच्या आरोग्य स्वयंसेविकेच्या, वहीतील तिची नोंद मध्येच तुटते. एकाच जिल्ह्यातील या दोन स्त्रियांना एकच सल्ला देणे म्हणजे दोघींपैकी एकीच्या वास्तवाकडे पाठ फिरवणे होय.

तीन सवयी मात्र दोन्ही भागांत समान आहेत. पहिली मिठाची. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे लहान चमचाभर, कमी मीठ पुरे. भारतात सर्वसाधारण सेवन याच्या जवळपास दुप्पट आहे, आणि नगरच्या ताटात ते केवळ वरून घातलेल्या मिठातून येत नाही, तर ठेचा, लोणचे, खारे शेंगदाणे, कुरडया आणि पापड यांतून येते. पापडातील पापडखार हाही सोडियमचाच क्षार असतो. दुसरी सवय मिश्रीची, म्हणजे भाजून पूड केलेल्या तंबाखूने दात घासण्याची, जिला अनेक घरांत व्यसन मानलेच जात नाही. मुंबईतील १,२१७ गर्भवतींवर झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी आढळले. निकोटीन रक्तवाहिन्या आकुंचित करते आणि नाडीचा वेग वाढवते, हे लक्षात घेता ज्या स्त्रीच्या रक्तवाहिन्यांना आधीच इजा झालेली आहे तिने मिश्री सोडणे हा तिच्या हृदयासाठी सर्वांत स्वस्त उपाय आहे. तिसरी सवय शेवटी जेवण्याची आणि स्वतःच्या दुखण्याचा विचार शेवटी करण्याची, जिच्यामुळे तपासणीचा दिवस दरवेळी पुढे ढकलला जातो.

सव्वा महिन्याच्या रिवाजाचाही या प्रकाशात फेरविचार व्हायला हवा, पण अवहेलनेने नव्हे. बाळंतिणीला कामातून मोकळीक, माहेरची माया, मालिश आणि अंगावर पाजण्यासाठी निवांतपणा देणारी ही व्यवस्था मोलाची आहे. स्तनपान दीर्घकाळ चालू ठेवणाऱ्या मातांमध्ये पुढे उच्च रक्तदाबाचे प्रमाण कमी आढळते, आणि हा रिवाज स्तनपानाला थेट आधार देतो. बदलले आहे ते त्याच्याभोवतीचे वर्ष. जेव्हा उरलेले अकरा महिने अर्धपोटी जात, तेव्हा तूप, खोबरे आणि गूळ यांनी भरलेला एक महिना तूट भरून काढी. आज वर्षभर पुरेसे खाणाऱ्या आणि कमी हालचाल करणाऱ्या घरात तोच महिना वजन वाढवतो, आणि ते वजन पुढच्या गरोदरपणापर्यंत उतरत नाही. म्हणून लाडू कमी करून मेथी, शेपू, पालक, मूग-मटकी, हुलगे, ज्वारी-बाजरीची भाकरी आणि ताक यांना जागा देणे, डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर रोज चालणे वाढवत आठवड्याला दीडशे मिनिटांपर्यंत नेणे, आणि रक्तदाबाची गोळी सुरू असल्यास बरे वाटते म्हणून स्वतःहून बंद न करणे, हे त्या रिवाजाचेच नवे रूप ठरू शकते. त्यासाठी सासू आणि आई यांना सल्ल्यात सामील करून घ्यावे लागेल, कारण या महिन्यातील स्वयंपाकघर त्यांच्या हाती असते.

शासकीय व्यवस्थेने गेल्या दोन दशकांत गरोदरपणाची बाजू बरीच भक्कम केली. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आणि जननी सुरक्षा योजना आली, गावोगावी आशा स्वयंसेविका नेमल्या गेल्या, ज्यांच्या कल्पनेमागे जामखेडसारख्या प्रयोगांचा अनुभव होता. २०११ पासून शासकीय रुग्णालयातील प्रसूती व सिझेरियन मोफत झाले. आणि २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गर्भवतींची डॉक्टरांकडून तपासणी होऊ लागली. माता व बाल संरक्षण कार्डावर प्रत्येक भेटीचा रक्तदाब लिहिला जातो. दुसरीकडे मधुमेह, कर्करोग, हृदयविकार व पक्षाघात यांच्या प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून वेगळा चालतो आणि तो तिशी ओलांडलेल्यांच्या तपासणीवर भर देतो. या दोन व्यवस्थांच्या मधोमध एक पोकळी राहते. खेड्यातील स्त्री अनेकदा विशी-पंचविशीत दोन मुलांची आई होते, तिचे माता-कार्ड बाळाच्या लशी संपल्यावर ट्रंकेत जाते, आणि तिशीनंतर ती रक्तदाब तपासायला गेली, तर बाळंतपणाच्या वेळी काय झाले होते हे तिला विचारले जाईलच असे नाही.

ही पोकळी भरण्यासाठी नवी यंत्रे किंवा महागडी औषधे लागत नाहीत. ज्या स्त्रीचा रक्तदाब गरोदरपणी वाढला होता तिच्या कार्डावर तसे ठळक लिहून ते तिच्याजवळ कायम ठेवणे, प्रसूतीनंतर पहिल्या दहा दिवसांत, सहा आठवड्यांनी आणि पुढे दरवर्षी तिचा रक्तदाब मोजणे, वजन व रक्तातील साखर पाहणे, पुढचे मूल ठरवण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घेणे, आणि ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाची नोंद कारखान्याच्या परिसरातील आरोग्य केंद्राकडे पोहोचवणे, एवढे केले तरी पुष्कळ साधेल. जामखेडने पन्नास वर्षांपूर्वी दाखवून दिले, की अक्षरओळख नसलेल्या बायकाही आपल्या गावातील प्रत्येक गर्भवतीची खबर ठेवू शकतात आणि बालमृत्यूचे आकडे पालटू शकतात. त्याच जिल्ह्यातील आशाताई आज शिकलेल्या आहेत, त्यांच्या हाती रक्तदाबमापक आणि मोबाइल आहे; त्यांच्या कामाच्या यादीत आणि मानधनात बाळंतपणानंतरच्या या वर्षांचा समावेश करणे हा शासनाचा निर्णय आहे. माता वाचली, एवढ्यावर ज्या पिढ्यांनी समाधान मानले त्यांचे ऋण मोठे आहे, कारण त्यांनी तिला जगवले. आता ती पन्नाशीत पक्षाघाताने अंथरुणाला खिळू नये, ही जबाबदारी या पिढीची आहे, आणि नगर जिल्ह्यापाशी ती पार पाडण्याचा अनुभव इतर बहुतेक जिल्ह्यांपेक्षा आधीपासून आहे.